सेंटर स्पीकरची जागा आधी, टीव्हीचा ब्रॅकेट नंतर

होम थिएटरमधील सर्व स्पीकरांपैकी सर्वांत जास्त काम ज्याच्या वाट्याला येते आणि ज्याच्या जागेचा विचार घरात सर्वांत शेवटी होतो, तो म्हणजे टीव्हीच्या मधोमध, खाली किंवा वर ठेवायचा सेंटर स्पीकर. डावा आणि उजवा स्पीकर कुठे उभा करायचा यावर चर्चा होते, खालचे घुमणारे आवाज देणाऱ्या सबवूफरला कोपरा मिळतो, मागच्या स्पीकरांसाठी भिंत फोडून वायर नेली जाते, आणि सेंटरसाठी मात्र टीव्ही युनिटमधला जो खण मोकळा उरला असेल तो, बहुधा सेट-टॉप बॉक्सच्या शेजारचा, ठरवला जातो. चित्रपटातील जवळजवळ सर्व संवाद याच एका खोक्यातून येतात, हे लक्षात घेतले तर ही वाटणी विचित्र आहे. “बोललेले कळत नाही आणि मारामारी सुरू झाली की कान फाटतात” ही तक्रार ज्या ज्या घरी मी ऐकली, त्यांपैकी बहुतेक घरी स्पीकर बरा होता आणि जागा वाईट होती. म्हणून नवा सेंटर घेण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. आधी आहे तो खणातून बाहेर काढून पाहा, असे सांगतो.

सेंटरची गरजच काय, असा प्रश्न संगीत ऐकणारी मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून एकच आवाज सारख्या पातळीवर आला, तर तो बरोबर मधून येतो असा भास होतो. गेली अनेक दशके स्टिरिओमधला गायक असाच, प्रत्यक्षात काहीही नसलेल्या जागी उभा आहे. पण हा भास बरोबर मध्यावर बसलेल्या माणसापुरता असतो. आमच्या हॉलचेच माप घेऊन हिशेब करू. हॉल दहा बाय सोळा फुटांचा, टीव्ही दहा फुटांच्या भिंतीवर, सोफा त्यापासून २.७ मीटरवर आणि डावा-उजवा स्पीकर एकमेकांपासून २.२ मीटरवर. सोफ्याच्या मध्यापासून ६० सेंटिमीटर उजवीकडे बसलेल्या माणसाला उजवा स्पीकर सुमारे २.७५ मीटरवर आणि डावा ३.१९ मीटरवर पडतो. हा ४४ सेंटिमीटरांचा फरक आवाजाला कापायला साधारण १.३ मिलिसेकंद लागतात. ऐकताना हा वेळ जाणवत नाही, पण आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू आधी पोहोचलेल्या आवाजाला झुकते माप देतो, आणि त्यासाठी एक मिलिसेकंद पुरेसा असतो. परिणामी त्या माणसाच्या दृष्टीने पडद्याच्या मधोमध उभी असलेली नायिका उजव्या स्पीकरच्या आतून बोलू लागते.

मध्यावर बसलेला माणूसही यातून पूर्णपणे सुटत नाही. प्रत्येक स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना ऐकू येतो. जवळच्या बाजूच्या कानाला आधी आणि पलीकडच्या कानाला सुमारे पाव मिलिसेकंदाने उशिरा. एकाच कानात काही काळाच्या अंतराने पोहोचलेले हे दोन सारखे आवाज २००० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना अंशतः खोडतात. शब्द ओळखण्यासाठी लागणाऱ्या व्यंजनांचा बराच भाग नेमका याच परिसरात आणि त्याच्या वर असतो. स्वर ऐकू येतात, बोलणारा कोण आहे हे कळते, पण ‘ताट’ की ‘काठ’ हे संदर्भावरून ठरवावे लागते. मध्यभागी खराखुरा स्पीकर ठेवला की या दोन्ही अडचणी दूर होतात.

हे शहाणपण नवे नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमधील श्रोत्यांना ऐकवला, तोच मुळी तीन वाहिन्यांनी, म्हणजे आवाजाच्या तीन स्वतंत्र प्रवाहांनी. मोठ्या सभागृहात सगळे श्रोते मध्यरेषेवर बसू शकत नाहीत, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले होते. १९५३ मध्ये आलेल्या सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या चित्रपटांच्या फिल्मवरील चुंबकीय पट्ट्यांत डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या पडद्यामागच्या आणि एक प्रेक्षागृहातली होती. घरापर्यंत मधली वाहिनी पोहोचायला मात्र १९८७ चे डॉल्बी प्रो लॉजिक हे तंत्र यावे लागले; त्याआधीच्या घरगुती डॉल्बी सराउंडमध्ये सेंटर नव्हताच. स्टिरिओमध्ये दोनच स्पीकर राहिले यामागे ग्रामोफोन तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात हेही एक कारण आहे, आणि दोनांची सवय झालेले आपले कान व दिवाणखाने आजही तिसऱ्याला पाहुण्यासारखे वागवतात.

आता जागेकडे वळू. आडव्या दिशेने फारसा प्रश्न नसतो: सेंटर पडद्याच्या बरोबर मध्याखाली किंवा मध्यावर असावा. शून्य अंशांवर सेंटर, आणि ऐकणाऱ्यापासून दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर डावा-उजवा, ही डॉल्बीची शिफारस. वर दिलेल्या मापांत आमचे स्पीकर २२ अंशांवर येतात, म्हणजे दहा फुटांच्या भिंतीत जेमतेम बसतात. खरा प्रश्न उभ्या दिशेचा, म्हणजे उंचीचा आहे, आणि तो सेंटर आणल्यावर नव्हे तर टीव्हीचा ब्रॅकेट भिंतीत ठोकण्याआधी सोडवायचा असतो.

घरातल्या माणसांना नेहमी बसतात तसे, म्हणजे पाठ टेकून, थोडे घसरून बसायला सांगावे आणि जमिनीपासून कानाची उंची मोजावी. सोफ्यावर ती साधारण एक मीटर भरते. दिवाणावर किंवा खाली गादीवर बसणाऱ्यांची अर्थातच कमी. डाव्या-उजव्या स्पीकरचे ट्वीटर, म्हणजे वरचे, बारीक आवाज देणारे छोटे घटक, या उंचीवर असावेत आणि सेंटरचा ट्वीटर त्यांच्या शक्य तितका जवळ असावा, हे तत्त्व. पण त्या उंचीवर टीव्ही असतो. मग सेंटर वर किंवा खाली जाणारच, आणि किती वर किंवा किती खाली हे टीव्हीची उंची ठरवते.

आपल्याकडे टीव्ही फार उंच लावतात. विजेचे पॉइंट काढणारा माणूस उभा राहून खूण करतो, ब्रॅकेट लावायला आलेला माणूसही उभा असतो, आणि बसून पाहायची वस्तू उभ्याने ठरवलेल्या उंचीवर जाते. ५५ इंची टीव्हीचे चित्र सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असते. त्याची खालची कड ९० सेंटिमीटरवर आली, तर चित्राचा मध्य १२४ सेंटिमीटरवर जातो. खाली ४५ सेंटिमीटर उंचीचे टीव्ही युनिट आणि त्यावर १८ सेंटिमीटर उंचीचा सेंटर ठेवला, तर ट्वीटर ५४ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे बोलणारा चेहरा आणि बोलणारे यंत्र यांच्यात ७० सेंटिमीटरांचे अंतर पडले. हाच टीव्ही खाली घेऊन त्याची कड ६५ सेंटिमीटरवर आणली, तर युनिट आणि स्पीकर मिळून ६३ सेंटिमीटर होतात, टीव्ही त्याच्या लगेच वर सुरू होतो, चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आणि कानांच्या पट्ट्यात येतो आणि सेंटर त्या मध्यापासून ४५ सेंटिमीटरांवर राहतो. आमच्या हॉलमध्ये मी हीच मापे वापरली आहेत. पाहुणे आले की “टीव्ही जरा खाली नाही वाटत?” असे विचारतात, बसले की विसरतात.

टीव्ही आधीच उंच लागला असेल आणि भाड्याचे घर असल्यामुळे भिंतीला पुन्हा भोके पाडता येत नसतील, तर सेंटर टीव्हीच्या वर लावण्याचा पर्याय मोडीत काढू नये. ९० सेंटिमीटरवर सुरू होणाऱ्या टीव्हीची वरची कड १५८ सेंटिमीटरवर येते. तिच्यावर फळी मारून सेंटर ठेवला तर ट्वीटर साधारण १७० वर जातो, म्हणजे चित्राच्या मध्यापासून ४६ सेंटिमीटर. खाली ठेवलेल्या सेंटरपेक्षा हा चित्राला बराच जवळ आहे, आणि त्याच्या व सोफ्याच्या मध्ये टीपॉय, खेळणी, पसरलेले पाय यांपैकी काहीही येत नाही. तोटा असा की ऐकणाऱ्याच्या कानापासून तो ७० सेंटिमीटर उंच राहतो, त्यामुळे त्याला १४ ते १५ अंश खाली झुकवणे आवश्यक ठरते, आणि सात-आठ किलोंचे खोके डोक्यावर झुकवून बसवायचे तर फळीला पुढून पट्टी आणि भिंतीत चांगले फिशर हवेत. या कामात घाई करू नये.

उंचीतील थोडाफार फरक चालून जातो, याचे कारण आपल्या ऐकण्यात आहे. डावे-उजवे ओळखताना दोन कानांतील वेळेचा आणि पातळीचा फरक उपयोगी पडतो. वर-खाली ओळखताना तो जवळजवळ निरुपयोगी असतो आणि कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे वरच्या वारंवारतांत होणाऱ्या बदलांवर अवलंबून राहावे लागते. ही ओळख ढोबळ असते. त्यातच डोळे मदतीला येतात. रामदास पाध्ये यांच्याजवळचा अर्धवटराव खरोखर बोलतो असे आपल्याला वाटते, कारण हलणारे ओठ त्याचे असतात. पडद्यावरील चेहऱ्याचेही तसेच होते. पण या शब्दभ्रमाला मर्यादा आहे. वीस-पंचवीस सेंटिमीटर सहज खपतात, चाळीस-पन्नास सवयीने खपतात, आणि सेंटर युनिटच्या अगदी तळच्या खणात, जमिनीला टेकून असेल तर माणसे गुडघ्यांतून बोलत आहेत असे अधूनमधून वाटत राहते.

खाली ठेवलेल्या सेंटरला मागून नव्हे, पुढून उचलावे, म्हणजे त्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानाकडे वळते. गणित सोपे आहे. ट्वीटर ५४ सेंटिमीटरवर, कान १०० वर, अंतर २७० सेंटिमीटर. कोन जवळजवळ दहा अंशांचा होतो. स्पीकरची खोली २० सेंटिमीटर असेल तर पुढची कड साडेतीन सेंटिमीटर उचलली की काम झाले. त्यासाठी खास स्टँड घेण्याची गरज नाही. दार अडवायला मिळतात ते रबरी पाचर दोन घ्यावेत आणि स्पीकर मागे सरकू नये म्हणून मागच्या कडेला घसरण न होणारी रबरी पट्टी टाकावी. केवळ दहा अंशांनी ट्वीटरचा आवाज फार बदलत नाही, हे खरे आहे. तरीही झुकवण्याचा फायदा स्पष्ट ऐकू येतो, कारण युनिटच्या पृष्ठभागावर, फरशीवर आणि टीपॉयवर आपटून येणारा वरच्या वारंवारतांचा आवाज त्यामुळे कमी होतो.

झुकवण्यापेक्षाही महत्त्वाची आणि पूर्णपणे फुकट अशी एक गोष्ट आहे: स्पीकर युनिटच्या पुढच्या कडेपर्यंत ओढावा. टीव्हीच्या भिंतीला चिकटवून मागे ठेवलेल्या सेंटरच्या पुढे सनमायकाचा वीस-पंचवीस सेंटिमीटरांचा गुळगुळीत पट्टा उरतो आणि तो आरशासारखा आवाज परतवतो. थेट आलेला आणि क्षणभर उशिरा आलेला असे दोन आवाज मिसळून संवादाची धार जाते. स्पीकरचे तोंड कडेच्या बरोबरीने किंवा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर असावे. त्या पट्ट्यावर ठेवलेल्या फोटोच्या चौकटी, पितळी हत्ती आणि रिमोटची टोपली यांच्याविषयी घरात काय बोलायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

आता त्या खणाविषयी. सुतार टीव्ही युनिट करताना मधोमध एक लांबट खण ठेवतो आणि “हा तुमच्या स्पीकरला” असे कौतुकाने सांगतो. स्पीकर त्यात नेमका बसतो, आणि तिथेच बिघडते. १५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी २.३ मीटर असते. अर्धा मीटर रुंदीच्या खोक्याला असा आवाज फक्त पुढे फेकता येत नाही, तो वळसा घेऊन सर्व बाजूंनी पसरतो. मोकळ्यावर ठेवलेल्या स्पीकरच्या बाबतीत तो खोलीत विखुरतो. खणात मात्र तो स्पीकरच्या मागच्या आणि बाजूच्या पोकळीत घुमतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया, जो साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत असतो, तो फुगून वर येतो. बोलणे मोठे वाटते पण कळत नाही. मग आवाज वाढवला जातो, फुगलेला भाग आणखी फुगतो, आणि तक्रार स्पीकरच्या नावे लागते. पाठीमागे पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठेवलेले भोक, असलेल्या स्पीकरला तर खणाची मागची फळी जवळजवळ नाकाला लागलेली असते.

खणातून बाहेर काढणे शक्य असेल तर इतर कोणताही उपाय करू नये. शक्य नसेल तर स्पीकरचे तोंड खणाच्या कडेपर्यंत आणावे. दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या फटीत गादीवाल्याकडे मिळतो तसा घट्ट स्पंज कापून बसवावा. खणाची मागची प्लाय काढता येत असेल तर काढावी. पोर्ट मागे असल्यास त्यात स्पंजचा बोळा सैलसर घालावा. पोर्ट बंद केल्याने खालचा आवाज थोडा कमी होतो, पण सबवूफर असलेल्या घरात त्याचे दुःख नाही. आणि ज्यांचे युनिट अजून कागदावर आहे त्यांनी सुताराला सांगावे की मधला खण नकोच, त्याऐवजी वरची फळी भक्कम, म्हणजे १८ मिलिमीटर प्लायच्या दोन थरांची करा, पुढची कड उठलेली ठेवू नका आणि वायरसाठी भोक मागे न पाडता मध्यापासून थोडे बाजूला पाडा. मागे भोक आणि त्याला प्लॅस्टिकचे झाकण असले की ते झाकण ठरावीक सुरावर हमखास वाजते.

वाजण्यावरून सांगायचे तर सेंटरच्या खाली रबराच्या चार जाड चकत्या ठेवाव्यात. त्यांनी आवाज ‘खुलतो’ वगैरे जे सांगितले जाते ते सोडून द्यावे. पण ड्रॉवरच्या कड्या, काचेचे सरकते दार आणि सेट-टॉप बॉक्सचे पत्र्याचे आवरण ही मंडळी शांत होतात. आणखी एक क्षुल्लक पण संताप आणणारी गोष्ट म्हणजे अनेक टीव्हींचा रिमोट ओळखणारा डोळा खालच्या कडेलाच, बहुधा मधोमध असतो आणि सेंटर नेमका त्याच्या पुढे येतो. स्पीकर दोन सेंटिमीटर खाली किंवा टीव्ही दोन सेंटिमीटर वर, एवढ्यावर हे भांडण मिटते. काचेच्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तेव्हा अडचण वेगळी होती: स्पीकरच्या चुंबकामुळे पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडत, म्हणून सेंटरला चुंबकीय आवरण द्यावे लागे. तो काळ संपला.

यानंतरचा मुद्दा स्पीकरच्या आकाराचा आहे, पण तो जागेपासून वेगळा काढता येत नाही. बाजारातले बहुतेक सेंटर आडवे असतात: दोन टोकांना खालचे आणि मधले आवाज देणारे दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर. दोन वूफरमध्ये ट्वीटर ठेवण्याची ही रचना अमेरिकी अभियंता जोसेफ डापोलिटो यांनी १९८३ च्या एका निबंधात मांडली आणि ती त्यांच्या नावानेच ओळखली जाते. पण ती उभ्या स्पीकरसाठी होती. उभ्या मांडणीत वूफर एकावर एक असल्यामुळे आवाज वर-खाली कमी आणि डावीकडे-उजवीकडे भरपूर पसरतो. तेच खोके टीव्हीखाली मावावे म्हणून आडवे झोपवले की हा गुणही आडवा होतो, म्हणजे जिथे माणसे बसलेली असतात त्याच दिशेला पसरणे कमी होते. बाजूला बसलेल्या माणसाला एक वूफर जवळ आणि दुसरा लांब पडतो, आणि दोघांच्या अंतरातला फरक ज्या आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीइतका भरतो, तो आवाज खोडला जातो.

पण किती बाजूला? याचे उत्तर खोलीनुसार बदलते, आणि सरसकट आडव्या सेंटरना नावे ठेवणारे लोक तिकडे लक्ष देत नाहीत. वूफरच्या मध्यांतील अंतर ३० सेंटिमीटर धरू. सोफ्याच्या टोकाला, मध्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलेला माणूस सेंटरपासून साडेबारा अंश बाजूला असतो. त्याच्यासाठी हा खड्डा २६०० हर्ट्झच्या पुढे येतो, जिथे बहुतेक स्पीकरांत काम वूफरकडून ट्वीटरकडे गेलेले असते किंवा जाण्याच्या बेतात असते. त्याचे फारसे बिघडत नाही. भिंतीला लागून ठेवलेल्या एकट्या खुर्चीची गोष्ट वेगळी आहे. ती ३५ अंशांवर असेल तर खड्डा बरोबर १००० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे बोलण्याच्या ऐन मध्यात. आणि अशा खुर्चीवर घरातले कोण बसते? आमच्याकडे ती आईची जागा आहे. “अरे, ते काय म्हणाले रे?” हा प्रश्न तिथूनच येतो आणि वयाच्या खात्यावर टाकला जातो. तीच व्यक्ती सोफ्याच्या मध्यावर बसवून तोच प्रसंग ऐकवून पाहावा. उत्तर कानात आहे की कोनात आहे, ते कळते.

यावर जागेचे दोन उपाय आहेत. एक, खुर्ची सोफ्याच्या रेषेकडे मागे आणि आत सरकवणे; ती जितकी मागे जाईल तितका कोन कमी होतो. दुसरा, झोपवलेल्या सेंटरऐवजी डाव्या-उजव्यासारखाच बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा स्पीकर मध्यावर उभा ठेवणे. तिन्ही स्पीकर एकच असले की पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. मात्र बुकशेल्फ तीस-पस्तीस सेंटिमीटर उंच असतो आणि टीव्हीच्या कडेखाली तेवढी जागा लागते. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आणि आवाज आरपार जाऊ देणारा पडदा आहे, त्यांना हे सर्व प्रश्नच नाहीत. त्यांनी तिन्ही स्पीकर एका उंचीवर पडद्यामागे उभे करावेत, चित्रपटगृहांत बोलपटांच्या सुरुवातीच्या काळापासून छिद्रांच्या पडद्यामागे ठेवतात तसे. नवा सेंटर घ्यायचाच असेल तर मध्ये ट्वीटर आणि त्याच्या बरोबर वर किंवा खाली मधले आवाज देणारा छोटा मिडरेंज, अशी तीन भागांची रचना पाहावी, किंवा एकाच मध्यावर वूफर आणि ट्वीटर असलेला एकाक्ष स्पीकर पाहावा.

काचेचा टीपॉय हा वेगळा परिच्छेद मागतो. तो बरोबर सेंटर आणि सोफ्याच्या मध्ये, बेचाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीवर असतो आणि त्याची काच संवादाचा एक पुरता तुकडा कानाकडे परतवते. त्याच्यावर छोटा आरसा सपाट ठेवून तो पुढे-मागे सरकवावा. सोफ्यावर बसलेल्याला त्यात ट्वीटर दिसला, तर त्या ठिकाणाहून आवाजही परतत आहे. टेबलक्लॉथ घातल्याने सर्वांत वरचा भाग थोडा शोषला जातो, त्यापलीकडे काही होत नाही. चित्रपट पाहताना टीपॉय बाजूला सरकवणे हाच खरा उपाय. फरशीवरच्या सतरंजीचेही तसेच. ती पातळ असते. जाड लोकरी गालिचाने फरक पडतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात तो सांभाळणे हे निराळे व्रत आहे.

जागा नक्की झाल्यावरच सर्व स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरच्या मेनूत जावे. तिन्ही स्पीकर एका रेषेत असल्यामुळे आमच्या मापांत सेंटर डाव्या-उजव्यापेक्षा सुमारे २१ सेंटिमीटर जवळ पडतो, म्हणजे त्याचा आवाज ०.६ मिलिसेकंद आधी येतो. अंतराचे आकडे बरोबर भरले की रिसीव्हर तेवढा उशीर करतो. सेंटरला ‘स्मॉल’, म्हणजे खालचा आवाज सबवूफरकडे सोपवणारा, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ही वाटणी जिथे होते तो आकडा, ८० हर्ट्झ ठेवावा. खणातल्या स्पीकरला १०० करून पाहण्यास हरकत नाही. स्वयंचलित मोजणीचा माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीवर असावा, सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला नसावा, आणि त्या वेळी पंखा बंद असावा. पंख्याची घरघर आणि वारा या दोन्हींचा त्रास माइकला होतो. मोबाइलवरील मापकाने तिन्ही स्पीकरांची पातळी ७५ डेसिबलला जुळवतानाही पंखा बंदच ठेवावा. यानंतर कुणाला सेंटर दोन डेसिबल वाढवावासा वाटला तर खुशाल वाढवावा, कारण चित्रपट पाहताना पंखा सुरू असणारच आहे. मात्र पाच-सहा डेसिबल वाढवल्याशिवाय शब्द कळत नसतील, तर मेनू बंद करून पुन्हा युनिटपाशी जाऊन बसावे.

काही घरांत सेंटरला जागाच नसते. ठाण्याच्या एका मित्राकडे टीव्ही बाल्कनीच्या सरकत्या दाराशेजारी तिरपा लावला आहे, खाली शू-रॅक आहे, वर ए.सी. आहे, आणि पाहणारे बहुतेक वेळा दोघेच, शेजारी शेजारी बसलेले असतात. तिथे सेंटर कसाबसा शू-रॅकच्या आत बसत होता. आम्ही तो काढून टाकला आणि रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नन’, म्हणजे ‘नाही’, असा केला. असे केले की संवाद आपोआप डाव्या-उजव्यात सारखे वाटले जातात, काही हरवत नाही. दोन हजार हर्ट्झचा तो खड्डा उरतो, बाजूला बसणाऱ्याची अडचणही उरते, पण शू-रॅकच्या दारामागून बोलणाऱ्या माणसांपेक्षा हे पुष्कळ बरे आहे. तो सेंटर सध्या त्याच्या माळ्यावर आहे आणि विकायचा आहे.